शिवाराची वही

दौलताबादबद्दल जे काही लिहिलं गेलं, त्यातलं बहुतेक बाहेरून आलेल्या माणसांनी लिहिलं. मोरोक्कोहून निघालेला इब्न बतूता चौदाव्या शतकात इथे पोचला. इथली द्राक्षं-डाळिंबं, गाणारणींचा बाजार आणि किल्ल्यातल्या तळघरांत मांजरापेक्षा मोठे उंदीर असल्याची हकिगत तो लिहून गेला. महंमद तुघलकाने १३२७ मध्ये राजधानी इकडे हलवली, त्याचे तपशील दिल्लीच्या तवारिखांत सापडतात. १६३३ च्या वेढ्याची नोंद मुघलांच्या दरबारी लेखकांनी ठेवली. पुढे निजाम सरकारने १८८४ मध्ये औरंगाबादचं गॅझेटिअर छापलं, त्यातही किल्ल्याला पानंच्या पानं मिळाली. यादव भिल्लमाने बाराव्या शतकाच्या अखेरीस देवगिरी वसवल्यापासून सप्टेंबर १९४८ च्या पोलीस कारवाईपर्यंत हा डोंगर कधी कुणाच्या ताब्यात होता, हे जवळपास साल-दरसाल सांगता येतं.

डोंगराच्या पायथ्याशी राहणाऱ्या माणसांचं मात्र असं काहीच सांगता येत नाही. किल्ल्याचे तट एकात एक आहेत. सगळ्यांत बाहेरचा अंबरकोट, आत महाकोट आणि त्याच्या आत काळाकोट. तिकीट काढून आत गेलेल्या पर्यटकाला चांदमिनार, हत्ती हौद, अंधेरी आणि वरची बारादरी दिसते. पण बाहेरच्या तटाच्या आत आजही घरं आहेत, गोठे आहेत, शेती आहे. वेरूळकडे जाणारा रस्ता जुन्या तटातल्या दरवाजातून जातो आणि रोजची वाहनं त्याच कमानीखालून वाट काढतात. एका जुन्या राजधानीच्या पोटात लोक नांगरतात, पेरतात, खळं करतात. या जमिनीबद्दल त्यांना जे ठाऊक आहे ते कुठल्याच तवारिखेत नाही. ते फक्त बोलण्यात आहे आणि बोलणारी माणसं म्हातारी झाली आहेत.

या प्रकरणात मला एकच गोष्ट सांगायची आहे. गावाची आठवण टिकवायची तर ती जागेला आणि सांगणाऱ्या माणसाला बांधून ठेवावी लागते. कोणती गोष्ट, कुठल्या जागेची, कुणी सांगितली, या तिन्ही गोष्टी एकत्र राहिल्या तरच आठवण पुढच्या पिढीच्या उपयोगाची होते. यासाठी बाहेरून उदाहरण आणायची गरज नाही. हे काम सातशे वर्षांपूर्वी याच डोंगराच्या आसपास दोन वेगवेगळ्या लोकांनी, दोन वेगवेगळ्या भाषांत, फार काळजीने केलेलं आहे.

पहिले महानुभाव. तेराव्या शतकात यादवांचं राज्य ऐन भरात असताना चक्रधरस्वामी या मुलखात पायी फिरत होते. वेरूळला, म्हणजे त्या काळच्या एळापुरात, त्यांचा मुक्काम दहा महिने होता. स्वामी गेल्यावर म्हाइंभटांनी त्यांच्या आठवणी गोळा करायला घेतल्या. ज्यांनी स्वामींना पाहिलं होतं त्या माणसांकडे ते गेले. त्यांना विचारलं, ऐकलं ते नागदेवाचार्यांकडून तपासून घेतलं आणि मगच लिहिलं. त्यातून ‘लीळाचरित्र’ उभं राहिलं. मराठीतला हा पहिला मोठा गद्यग्रंथ म्हणजे मुळात साक्षी गोळा करण्याचं काम आहे. त्यात राजे कमी आणि साधी माणसं जास्त भेटतात. कुणी कुठे उतरलं, काय खाल्लं, कुठल्या देवळाच्या ओट्यावर बसलं, कोण रुसलं, कोण हसलं, अशा बारीकसारीक गोष्टींनी तो भरलेला आहे. तेराव्या शतकातला मराठवाडा प्रत्यक्ष कसा दिसत होता हे आज आपल्याला कळतं ते प्रामुख्याने या बारकाव्यांमुळे.

पुढे खिलजीच्या फौजांच्या धामधुमीत मूळ पोथी हरवली. पंथात या प्रसंगाला खालशाची धाड म्हणतात. तेव्हा ज्यांना लीळा पाठ होत्या त्यांच्याकडून ग्रंथ पुन्हा जुळवण्यात आला. हिराइसेचा पाठ त्यात महत्त्वाचा मानला जातो. एका बाईच्या स्मरणशक्तीवर एक ग्रंथ तरला, हे मराठी वाचकाने विसरू नये. आणखी एक गोष्ट मला फार मोलाची वाटते. जिथे दोघांच्या आठवणी जुळल्या नाहीत तिथे संकलकांनी एक खरी धरून दुसरी फेकून दिली नाही. अमक्याच्या मते असं, तमक्याच्या मते तसं, म्हणून दोन्ही ठेवल्या.

याच परंपरेत ‘स्थानपोथी’ तयार झाली. स्वामी जिथे जिथे राहिले, बसले, जेवले त्या जागांची ती जंत्री आहे. गाव कुठलं, देऊळ कोणत्या दिशेला तोंड करून आहे, त्याच्या कुठल्या अंगाला दुसरं देऊळ आहे, जागा नेमकी कुठल्या बाजूला आहे, असं तिचं सांगणं. वि. भि. कोलते यांनी ‘लीळाचरित्र’ आणि ‘स्थानपोथी’ दोन्ही संपादित केल्या, त्यामुळे त्या आज कुणालाही वाचता येतात. पंथाच्या लोकांनी या जागा नुसत्या लिहून ठेवल्या नाहीत, त्यांच्यावर ओटे बांधले. देऊळ पडलं, गाव उठलं, तरी ओटा राहिला आणि ओट्याला वंदन करायला माणसं येत राहिली. लिहिलेलं आणि पायांनी चालत जपलेलं, दोन्ही एकमेकांना धरून राहिलं.

दुसरे सूफी. दिल्लीत हजरत निजामुद्दीन औलियांच्या बैठकांत जे बोलणं होई ते अमीर हसन सिज्झी या कवीने १३०८ पासून लिहून ठेवलं, प्रत्येक बैठकीच्या तारखेसह. ‘फवाइद-उल-फुआद’ हा तो ग्रंथ. राजधानी हलली तेव्हा हे लोक दक्षिणेत आले. हसन सिज्झींची कबर खुलताबादला आहे. औलियांचे शिष्य बुऱ्हानुद्दीन गरीब १३३७ मध्ये वारले, तेही खुलताबादलाच विसावले. त्यांच्या हयातीत रुक्नुद्दीन काशानींनी त्यांच्या बैठकांतलं बोलणं ‘नफाइस-उल-अन्फास’ या फारसी ग्रंथात उतरवलं. आधी महानुभाव, मग हे. मधे जेमतेम साठ वर्षं. दोघांनाही एकच चिंता होती. ज्यांनी ऐकलं ते गेले की ऐकलेलं जाईल. म्हणून दोघांनीही कोण बोललं आणि कुठे किंवा केव्हा बोललं हे धरून ठेवलं. आपल्या गावाची वही लिहायला निघालेल्या माणसाला यापेक्षा जवळचे गुरू कुठे मिळणार?

आता शिवारात येऊ.

तहसीलमधून किंवा मोबाइलवरून कुठल्याही शेताचा सातबारा काढा. वरच्या भागात गाव, तालुका, जिल्हा, गट क्रमांक, भूधारणा पद्धती. त्याच ओळींत एक रकाना असतो, ‘शेताचे स्थानिक नाव’. बहुतेक उताऱ्यांत त्याच्यापुढे काहीच लिहिलेलं नसतं. ज्याने कुणी हा नमुना तयार केला त्याला एवढं ठाऊक होतं की शेताला नाव असतं. चिंचेचं वावर, बारवेचा मळा, म्हसोबाचं रान, लवणातली पट्टी, इनामाचा तुकडा, खळवाडी, वरचा माळ, अशी नावं मराठवाड्यातल्या कुठल्याही शिवारात कानावर पडतात. एकत्रीकरणात सर्व्हे नंबरांचे गट झाले, भावाभावांत वाटण्या झाल्या, जमिनी विकल्या गेल्या. विकत घेणाऱ्याला गट नंबर लागतो, नाव लागत नाही. नवा मालक शहरातला असेल तर त्याला कुणी नाव सांगतही नाही. चिंच तोडली गेली, बारव बुजली, तरी जुनी माणसं ‘चिंचेच्या वावरात’ जातात आणि त्यांच्या नातवांना आजोबा नेमके कुठे गेले ते कळत नाही.

नावात नुसती ओळख नसते, जमिनीचा स्वभाव असतो. लवण म्हटलं की पाणी साचणारी खोलगट जागा आली. खारी म्हटलं की मिठाचा अंश असलेली जमीन आली. पांढरी म्हणजे जुनी वस्ती मोडून राखेमातीची झालेली जागा, काळी म्हणजे पिकाची. पांढरीत खापरं निघतात, कधी मणी निघतात, कधी नाणं. दौलताबादसारख्या ठिकाणी, जिथे वस्त्यांवर वस्त्या बसल्या, तिथे ‘पांढरी’ हे नाव उत्खनन करणाऱ्यालाही दिशा देऊ शकतं. तेरला हे घडलेलं आहे. तिथले व्यापारी रामलिंगप्पा लामतुरे यांनी गावकऱ्यांना शेतात, पांढरीत सापडणाऱ्या वस्तू हौसेने आणि चिकाटीने गोळा केल्या. आज तेरचं सरकारी संग्रहालय त्यांच्याच नावाने उभं आहे, आणि रोमशी व्यापार करणारं तगर नगर डोळ्यांसमोर आणायला त्याचा मोठा आधार आहे. वस्तू एका माणसाने जमवल्या. कुठल्या शेतात काय सापडलं ते सांगणारं गाव होतं.

मराठवाड्यातल्या जमिनीच्या कागदांची एक वेगळी अडचण आहे. निजामाच्या राज्यात दप्तर उर्दूत होतं, जुनं फारसीत, काही मोडीत. सेतवार, पाहणीपत्रक, इनामाचे मुंतखब, १९५४ चं खासरापत्रक, ही नावं इकडच्या शेतकऱ्याला कोर्टकचेरीमुळे ठाऊक असतात, पण वाचता येत नाहीत. २०२३ च्या सप्टेंबरात सरकारने निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली आणि कुणबी नोंदींसाठी हे जुने दस्तऐवज तपासायला सुरुवात झाली. तेव्हा उर्दू आणि मोडी वाचणारी माणसं जिल्ह्याजिल्ह्यांत शोधावी लागली. आरक्षणाच्या वादात मी इथे शिरत नाही. पण आपल्याच आजोबा-पणजोबांचे कागद आपल्याला वाचता येत नाहीत, ही जाणीव त्या वर्षी घराघरांत पोचली. ज्या घरी असे कागद आहेत त्यांनी निदान त्यांचे चांगले फोटो काढून ठेवावेत. प्लॅस्टिकच्या पिशवीत दुमडून ठेवलेला कागद घडीवर फाटतो आणि मोडी अक्षर नेमकं घडीवरच असतं.

किल्ल्यातसुद्धा लोकांच्या नावांनी आपली जागा राखली आहे. वर एक प्रचंड तोफ आहे. तिच्यावर फारसीत ‘किला शिकन’ असं कोरलेलं आहे, औरंगजेबाचं नावही आहे. पण तिच्या मागच्या टोकाला मेंढ्याचं मुंडकं घडवलंय, म्हणून सगळे तिला मेंढा तोफ म्हणतात. कोरलेलं नाव वाचणारे गेले, दिसणारा मेंढा राहिला.

पाण्याची गोष्ट मात्र थोडी सविस्तर सांगावी लागेल, कारण इथे सगळं पाण्यावर उभं होतं. हत्ती हौद अंदाजे ३८ मीटर लांब आणि तेवढाच रुंद आहे, साडेसहा मीटर खोल. एवढं पाणी डोंगराच्या टोकावरून येणार नव्हतं. आसपासच्या टेकड्यांत तळी केली, उतारावरून भाजक्या मातीचे नळ टाकले आणि पाणी शहरात आणलं. सरस्वती बारवेसारख्या विहिरी, खंदक, हौद, टाकी, सगळी एकमेकांत गुंफलेली व्यवस्था. शहर उजाड झालं तेव्हा ती मोडली. पण मोमबत्ता तलाव अजून आहे. नांगर खोल गेला की मातीच्या नळाचे तुकडे निघाल्याचं इकडचे शेतकरी सांगतात. असा तुकडा कुठल्या गटात, किती खोलीवर, कुठल्या दिशेने पडलेला सापडला एवढं प्रत्येकाने लिहिलं, तर यादवांच्या आणि नंतरच्या काळातल्या पाणीवाटपाचा नकाशा शेतकऱ्यांच्या हातांनी तयार होईल. हे कुठल्याही एका संशोधकाच्या आवाक्यातलं काम नाही. वर्षभर रोज त्या जमिनीत उतरणाऱ्याच्याच आवाक्यातलं आहे.

आणि पाण्याची दुसरी आठवण तर अगदी कालची आहे. १९७२ चा दुष्काळ. त्या वर्षी सरकारी दुष्काळी कामांवर मराठवाड्यातली लाखो माणसं खडी फोडायला, माती उपसायला गेली. पाझर तलाव, नालाबंडिंग, रस्ते त्यांच्या हातांनी झाले. तांबडी मिलो ज्वारी, कामावर मिळणारी सुकडी, डोक्यावरच्या पाटीखालची चुंबळ, पाळण्यासारखं झाडाला बांधलेलं लेकरू, या गोष्टी त्या पिढीच्या बायकांच्या तोंडून अजून ऐकायला मिळतात. रोजगार हमीचा कायदा महाराष्ट्राने १९७७ मध्ये केला, त्यामागे या माणसांचं वर्ष होतं. आज आपण ज्या रस्त्यावरून जातो, ज्या तलावाकाठी जनावरं पाजतो, तो कोणी बांधला याची पाटी कुठेच नाही. तलावावर सरकारी योजनेचं नाव असेल. पण कुठल्या वस्तीच्या बायकांनी कुठला बांध घातला, मुकादम किती मजुरी कापायचा, कोण कामावरच गेलं, हे गावाला ठाऊक आहे. १९७२ साली विशीत असलेली बाई आज सत्तरीच्या पुढे गेली. मला वाटतं, दौलताबादच्या आसपासच्या गावांत वही लिहायला घ्यायची तर पहिलं पान या बायकांचं असावं. चांदमिनार १४४५ चा, तो कुठे जात नाही.

बायकांच्या आठवणींचा नकाशा पुरुषांपेक्षा वेगळा असतो. त्या लग्न होऊन दुसऱ्या गावाहून आलेल्या. माहेरचा पाणवठा, तिकडची वाट, मधला ओढा, जत्रेचा माळ हे त्यांनी मनात आणलेलं असतं. सासरी त्यांनी विहिरींची गोडी शिकलेली असते: कुठल्या विहिरीच्या पाण्यात डाळ शिजते, कुठल्या विहिरीवर कुणाला पाणी भरू दिलं जायचं आणि कुणाला नाही. जात्यावरच्या ओव्यांत हे सगळं येतं. हेमा राईरकर आणि गी पॉइतवाँ यांनी पुण्यातून सुरू केलेल्या कामात एक लाखाहून अधिक ओव्या गोळा झाल्या. हजाराहून अधिक गावांतल्या तीन हजारांवर बायकांनी त्या सांगितल्या. पी. साईनाथांच्या ‘पारी’ या संग्रहात आज त्या लिहिलेल्या आहेत, काही ऐकताही येतात, आणि प्रत्येक ओवीसोबत गाणाऱ्या बाईचं आणि गावाचं नाव दिलेलं आहे. म्हाइंभटांची जुनी शिस्त इथेही पाळलेली दिसते.

आठवणी गोड तेवढ्याच असतात असं मात्र कुणी समजू नये. ज्या वाटेवर ओवी आहे त्याच वाटेवर अस्पृश्यतेची वाटही आहे. गावाच्या कडेला महारवतनाची जमीन, हाडोळा, निराळी विहीर, निराळी स्मशानभूमी हे गावकऱ्यांना ठाऊक असतं आणि अनेकदा सांगायचं टाळलं जातं. महाराष्ट्र सरकारने डिसेंबर २०२० मध्ये जातिवाचक वस्त्यांची नावं बदलायचा निर्णय घेतला. तो योग्यच होता. कुणाच्या पत्त्यावर त्याची जात लिहिलेली असू नये. पण पाटीवरून नाव उतरलं म्हणून ते नाव कुणी दिलं, त्या वस्तीला पाणी कधी मिळालं, तिथला पहिला मुलगा शाळेत कधी गेला, हे वहीतून पुसलं जाऊ नये. पत्त्यातून काढायचं आणि इतिहासात नोंदवायचं, दोन्ही करता येतं. ती नोंद त्या वस्तीतल्या माणसाने स्वतःच्या शब्दांत करावी, दुसऱ्याने त्याच्या वतीने नव्हे.

किल्ल्यातली मोठी मशीद १३१८ ची आहे. कुतुबुद्दीन मुबारकशहाने बांधली, जुन्या देवळांचे खांब वापरून. सप्टेंबर १९४८ नंतर तिथे भारतमातेची मूर्ती बसली आणि आज ते भारतमाता मंदिर म्हणून ओळखलं जातं. या एका वास्तूबद्दल गावात दोन नाही, चार प्रकारच्या आठवणी असतील. रझाकारांच्या दिवसांबद्दलही तसंच. कुणाच्या घरावर हल्ला झाला, कुणी कुणाला लपवलं, कोणत्या घराने गाव सोडलं, नंतर कुणाच्या जमिनी कुणाकडे गेल्या, या गोष्टी दोन्ही समाजांत दबक्या आवाजात सांगितल्या जातात. १९४८ साली दहा वर्षांचा असलेला मुलगा आज पंच्याऐंशीच्या पुढे आहे. त्याला जे आठवतं ते तो कुणा एका बाजूचा म्हणून सोडून देता कामा नये. ‘लीळाचरित्रा’च्या संकलकांनी केलं तसं, दोन आठवणी जुळत नसतील तर दोन्ही लिहाव्यात, सांगणाऱ्याची खूण ठेवावी आणि कोण खरं याचा निकाल वहीत लावू नये. सांगणाऱ्याने नाव देऊ नका म्हटलं तर देऊ नये. ते नाव वेगळ्या बंद पाकिटात ठेवता येतं.

डोंगरावरच्या झाडांमध्येही इतिहास आहे. दिवाळीच्या आधीचे दिवस आले की किल्ल्याच्या रस्त्यावर टोपल्यांत सीताफळं मांडलेली दिसतात. दौलताबादचं सीताफळ म्हणजे जणू इथल्या मातीचंच. वनस्पतिशास्त्रज्ञ मात्र या झाडाचं मूळ अमेरिका खंडात मानतात. म्हणजे रामदेवरायाच्या ताटात ते असण्याची शक्यता फार कमी. मग ते या उघड्याबोडक्या, खडकाळ उतारावर कसं टिकलं? शेळी त्याच्या पाल्याला तोंड लावत नाही. जे झाड शेळ्या खातात ते संपलं, जे खात नाहीत ते उरलं आणि पडक्या भिंतींच्या मधून पसरलं. आधी इथे काय होतं, हे चारायला जाणाऱ्यांना विचारायचं. कुठल्या झऱ्यावर कधीपर्यंत पाणी राहायचं, कुठली झाडं त्यांच्या डोळ्यांदेखत गेली. जैवविविधता कायदा २००२ चा आहे आणि त्याखाली प्रत्येक ग्रामपंचायतीने लोक जैवविविधता नोंदवही करायची आहे. अनेक ठिकाणी ती कागदी सोपस्कार म्हणून भरली गेली. तीच नोंदवही गावाच्या आठवणीची अर्धी वही होऊ शकते, ती भरायला गुराख्याला बसवलं तर.

आता काम कसं करायचं, त्याबद्दल. असा एक फार मोठा प्रयोग आयर्लंडने केला. १९३७ ते १९३९ दरम्यान तिथल्या सरकारने शाळांनाच कामाला लावलं. सुमारे पाच हजार शाळांतल्या पाचवी-सहावीच्या मुलांनी घरी जाऊन आजोबा-आजींना, शेजारच्या म्हाताऱ्यांना प्रश्न विचारले: आपल्या शेताला काय म्हणतात, दुष्काळात कुणाचं घर ओस पडलं, कुठल्या विहिरीला औषधी मानतात. मुलांनी वहीत लिहून आणलं, कुणी सांगितलं आणि त्याचं वय काय तेही लिहिलं. एकूण सात लाखांच्या वर पानं झाली. आज त्यांतली बरीच इंटरनेटवर उघडी आहेत आणि त्या मुलांची नातवंडं आपल्या आजीच्या अक्षरातलं पान शोधून काढतात. दहा-बारा वर्षांच्या मुलाला म्हातारं माणूस जे सांगतं ते संशोधकाला सांगत नाही, हे तिथल्या मंडळींनी अचूक ओळखलं होतं.

आपल्या जिल्हा परिषदेच्या शाळांना हे जमण्यासारखं आहे. मुलांनी घरच्या सातबाऱ्याची प्रत आणावी, स्थानिक नावाचा रिकामा रकाना आजोबांना विचारून पेन्सिलीने भरावा आणि भूमी अभिलेखातून मिळालेल्या गाव नकाशावर त्या गटात ते नाव लिहावं. एका वर्गाने एक हंगाम एवढंच केलं तरी अख्ख्या शिवाराची नावं कागदावर येतील. पुढच्या वर्षी विहिरी, त्याच्या पुढच्या वर्षी वाटा. मोठ्यांनी मोबाइलवर आवाज रेकॉर्ड करावा आणि रेकॉर्डिंगच्या सुरुवातीलाच तारीख, गाव, बोलणाऱ्याचं नाव स्वतः मोठ्याने म्हणावं. फाइलचं नाव बदलतं, आवाजात म्हटलेलं बदलत नाही. जे ऐकलं ते सुधारून लिहू नये. आजी ‘व्हता’ म्हणाली तर ‘व्हता’ लिहावं.

या भागाला कागदाची आठवणही आहे. दौलताबाद आणि खुलताबादच्या मधे कागजीपुरा आहे. तिथली हातकागदाची परंपरा तुघलकाच्या काळापर्यंत नेली जाते आणि हातकागद तिथे आजही होतो. चिंध्या, जुने दोर भिजवायचे, चुन्यात ठेवायचे, कुटून लगदा करायचा, तो हौदात कालवून जाळीवर अलगद उचलायचा, ओला कागद भिंतीवर चिकटवून वाळवायचा आणि शेवटी खळ लावून गुळगुळीत दगडाने घोटायचा, ही त्याची जुनी रीत. असा कागद शतकं टिकतो. शाळेच्या वहीचा कागद काही वर्षांत पिवळा पडून तुटायला लागतो. पक्की प्रत म्हणूनच अशा कागदावर लिहिणं योग्य. एक प्रत ग्रामपंचायतीत, एक शाळेत आणि एक डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठाच्या इतिहास विभागाकडे ठेवता येईल, कारण एकाच ठिकाणी ठेवलेल्या पोथीचं काय होतं हे महानुभावांनी भोगलेलं आहे.

कामाचा हंगाम उन्हाळ्याचा. रब्बीची सुगी उरकलेली असते, वावरं मोकळी असतात, धुरे उघडे दिसतात, खापरं वर आलेली असतात आणि म्हाताऱ्या माणसांना पारावर बसायला वेळ असतो. सकाळी लवकर, ऊन चढायच्या आत, त्यांना सोबत घेऊन शिवारफेरी करावी. घरात बसून विचारलं की माणूस ठरावीक गोष्टी सांगतो. बांधावर उभं केलं की त्याचा हात आपोआप उठतो: तिकडे होती ती विहीर, इथून जायची पांदी, या दगडापाशी आमची वाटणी झाली. ज्यांना चालवत नाही त्यांना बैलगाडीत नाहीतर मोटारसायकलवर न्यावं. मृग लागला की सगळं गाव पेरणीच्या मागे लागतं आणि मग दिवाळीपर्यंत कुणाला सवड नसते.